सतरा नंबरची सूचना

परवा गणपतीत आमच्या भागाचे नेते मंडपात आले आणि पुन्हा तेच बोलले. "मला वरून पक्की माहिती आहे. आपल्या वस्तीवर अतिरेक्यांची नजर आहे. जास्त सांगता येत नाही, पण डोळे उघडे ठेवा." आवाज खाली आणून, माईक ओठांना लावून. मग जरा थांबून, "घाबरू नका, मी आहे ना." मी मागच्या रांगेत बसले होते. उठले, घरी आले आणि कुकर लावला. तीन वर्षांपूर्वी हेच ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्या भीतीपायी मी जे करून बसले त्याची लाज अजून गेलेली नाही.

तेव्हा माईक माझ्याकडे असायचा. घाटकोपरला आमची बत्तीस खोल्यांची चाळ, आणि माझा आवाज लहानपणापासून खणखणीत. नवरा म्हणतो, हिला माईक देणं म्हणजे विजेची नासाडी. मंडळाच्या सगळ्या सूचना मीच द्यायचे. आमच्याकडे माईकवरून नावं घेत नाहीत, खोलीचा नंबर घेतात. निम्म्या चाळीचं आडनाव एकच, नाव घेतलं की चार जण धावत येतात. "खोली नंबर नऊ, तुमच्याकडे पाहुणे आलेत." "खोली नंबर बावीस, नळ चालू राहिलाय." आणि एक गोष्ट मी अनुभवाने शिकले होते. 'सर्वांनी' म्हटलं की कोणी ढिम्म हलत नाही. नंबर घेतला की माणूस हजर.

त्या वर्षी जूनमध्ये सतरा नंबरात भाड्याने नवं बिऱ्हाड आलं. नवरा-बायको आणि दहावीतली मुलगी. मुसलमान, पण आमच्या कोकणातले. बघा, हे 'पण' माझ्या तोंडून अजून जात नाही. सासूबाईंच्या माहेरापासून दोन खाड्या पलीकडचं त्यांचं गाव. ती बाई अशी अस्सल मालवणी बोलायची की सासूबाईंना मी नकोशी झाले. दुपारी दोघी आमच्या दारात बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायच्या आणि खुशाल माझ्या हातच्या आमटीला नावं ठेवायच्या. मुलीची शाळा चाळीपासून पाच मिनिटांवर. तिची दहावी होईपर्यंत इथून हलायला लागू नये, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. मला तिने ते दहादा सांगितलं असेल. आधीच्या दोन वर्षांत तीन घरं बदलली होती त्यांनी.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत, कुठे ना कुठे लिफ्ट अडकलेलीच. काळी बॅग खांद्याला लावून कधीही निघायचा आणि कधीही परत यायचा. गणपतीच्या चौथ्या दिवशी आमच्या देखाव्याची मोटर बंद पडली. मान हलवणारा उंदीर ठप्प. मंडळाच्या पोरांनी दोन तास झटापट केली आणि शेवटी सतरा नंबरचं दार वाजवलं. तो जेवत होता, तसाच हात धुऊन आला. बॅग मंडपातच उघडली. वायरी, टेस्टर, टायमर सगळं सतरंजीवर पसरलं. चार वाजेपर्यंत उंदीर मान हलवायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

संध्याकाळी नेते आले. आरती झाली आणि मग ते भाषण. "बेवारस पिशवी, वायरी, नवीन माणूस, काहीही दिसलं तर गप्प बसू नका. तुमच्या शेजारी कोण राहतं, हे तुम्हाला खरंच माहीत आहे का?" बायकांनी पोरं जवळ ओढली. मी पहिल्या ओळीत बसले होते आणि मला डोळ्यांसमोर फक्त सतरंजीवरच्या वायरी दिसत होत्या. खोटं कशाला बोलू?

ते गेल्यावर त्यांच्या एका कार्यकर्त्याने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. 'नवीन भाडेकरूंनी आपली कागदपत्रं घेऊन ताबडतोब मंडपात यावं.' मी गलक्यातच वाचली, अर्धी कोणाला ऐकूही गेली नसेल. कोणी आलं नाही. चाळीत नवीन भाडेकरू एकच होता, हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. मी माईक पुन्हा हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, "खोली नंबर सतरा, मंडपात या. खोली नंबर सतरा." सवयीने, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. सवय होतीच, भीतीही होती.

तो खाली आला तेव्हा बंदोबस्ताचे दोन हवालदार उभे राहिले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बॅग आणा ह्याची." बॅग आली. त्याच वायरी, तोच टायमर, दुपारी टाळ्या वाजवणारी तीच माणसं. "अरे, ह्याने मोटर दुरुस्त केली ना आपली," एवढं म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. माईक माझ्या हातात होता, चालू होता. मीही बोलले नाही. त्याला चौकीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुटून आला. कागद चोख, कामाच्या ठिकाणचं पत्र चोख, पोलिसांची काही तक्रार नाही. पण खोलीच्या मालकाला फोन गेले होते. त्याने आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितलं. सासूबाई माझ्याशी दोन शब्दच बोलल्या. "तुका नंबर घेवक कोणी सांगल्यान?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मी तडक नेत्यांच्या कार्यालयात गेले. म्हटलं, ज्यांच्या बोलण्याने आग लागली तेच विझवतील. एक पत्र द्या, मालकाला एक फोन करा, मुलीची दहावी आहे. त्यांनी चहा मागवला, हसून म्हणाले, "बसा ना, ताई."

मी विचारलं, "साहेब, ती पक्की माहिती काय होती? आमच्या चाळीबद्दल होती का?"

"अहो, कसली माहिती? दरवर्षी सणासुदीला असं बोलावंच लागतं. लोक जागे राहतात. आणि बाहेर काही झालंच तर म्हणायला नको, साहेबांनी सांगितलं नाही म्हणून."

"पण त्या माणसाला रात्रभर बसवलं हो चौकीवर."

"वाईट झालं. पण मी कोणाचं नाव घेतलं का? व्हिडिओ बघा. नंबर तुम्ही घेतलात, ताई."

त्यांनी फोन केला नाही. पत्र दिलं नाही. चहा मात्र आग्रहाने पाजला, आणि मी बावळट तो प्यायलेही. बारा वर्षं ह्या माणसाला मत दिलं, त्याच्यासाठी दारोदार पत्रकं वाटली, आणि त्याने मला हातातल्या चमच्यासारखं वापरून बाजूला ठेवलं. सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की तो शब्दाशब्दाला खरं बोलत होता.

विसर्जनाच्या दिवशी मी मंडळाला सांगितलं, मला माईकवरून माफी मागू द्या. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, कशाला उकरून काढताय? साहेबांना वाईट वाटेल." माईक त्यांनी दुसऱ्या बाईला दिला. पुन्हा मी मागितला नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा नंबरचा टेम्पो लागला. कुर्ल्याला कोणा नातेवाइकाकडे जागा मिळाली होती. शाळेला इथून पाच मिनिटं, तिथून दोन बस. मी त्यांच्या दारात गेले. मुलगी पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती, तिने वर बघितलं नाही. तिच्या आईचे मी हात धरले आणि म्हणाले, चुकले गं मी. तिने हात सोडवले नाहीत.

म्हणाली, "भाभी, तुमचा आवाज आला ना, सतरा नंबर, तेव्हा आम्हाला वाटलं, मोटर केली म्हणून ह्यांना मानाचा नारळ द्यायला बोलवतायत. मीच ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून पाठवला."