हितेंद्रचं रक्त

हितेंद्र तोरसकर चौथीला माझ्या वर्गात होता. लालबागच्या म्युनिसिपल शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आणि चाळीत त्याच्या समोरच्याच खोलीत चाळीस वर्षं काढली, त्यामुळे त्याचं बरंवाईट बघायला मला कुठे जावं लागलं नाही. आता तो चव्वेचाळीसचा आहे, टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, पोरगी त्याची कॉलेजात जाते. तरी मी त्याला हित्याच म्हणते आणि तो मला बाई.

बाविसाव्या वर्षी त्याने मंडळाच्या शिबिरात पहिल्यांदा रक्त दिलं. दोन दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला, पुन्हा येऊन जा म्हणून. घरातले घाबरले. शांताबाई, म्हणजे त्याची आई, देवापुढे बसल्या. तर निघालं भलतंच. त्याचं रक्त वरवर बघता ‘ओ’ वाटत होतं, पण ते ‘ओ’ नव्हतं. तो होता बॉम्बे ग्रुप. पहिल्यांदा याच शहरात सापडला म्हणून हे नाव. दहा हजारांत एखाद्याचा असतो. अशा माणसाला साधं ‘ओ’ रक्तही चालत नाही, त्याला त्याच्याच ग्रुपचं लागतं.

शांताबाईंना हे काही पटेना. “झिला, तुझा रगत मुंबयचा कसा? मी तर देवगडची!”

पुढची वीस वर्षं तो फोन आला की जायचा. एकोणीस वेळा दिलं. कधी कोणाच्या ऑपरेशनसाठी, कधी बाळंतिणीसाठी. ब्लड बँकेत दीपिका मॅडम म्हणून होत्या, दुर्मिळ रक्तगटांच्या लोकांची यादी त्याच सांभाळायच्या. त्या म्हणायच्या, “तोरसकर, मुंबईत तुमच्या ग्रुपचे फोन उचलणारे मोजकेच आहेत. तब्येत सांभाळा.”

तीच त्याने सांभाळली नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखं कारण नव्हतं. नोकरी होती, सीमासारखी बायको होती. काम संपलं की सहकाऱ्यांबरोबर प्यायला बसायचं, आधी शनिवारी, मग रोज, मग काम संपायच्या आधीपासून. चाळिशीला आला तोवर सकाळी चहाचा कप उचलताना हात थरथरायचा, म्हणून तो बशीत ओतून, खाली वाकून प्यायचा. कंपनीने त्याला लिफ्टच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. आमची खोली चौथ्या मजल्यावर. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबायचा आणि मोबाईल बघतोय असं दाखवायचा. मी वरून बघायचे. स्क्रीन काळीच असायची.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी दीपिका मॅडमचा फोन आला. साताऱ्याकडचा एक माणूस, अपघात, ऑपरेशन करायचंय. हित्या सकाळपासून पीत होता. “येतो,” म्हणाला. तोंड धुतलं, मूठभर बडीशेप चावली आणि टॅक्सीने गेला. सीमा मागे धावली, पण तोवर टॅक्सी सुटली होती.

ब्लड बँकेच्या दारात त्या माणसाची बायको उभी होती. तिने त्याला बघून हात जोडले. आत डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, बोटातून थेंब काढला. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, रक्त द्यायला साडेबारा तरी लागतं; प्रेशर वर चढलेलं, डोळे पिवळे. आणि बडीशेपेने कोणी फसत नाही.

“तोरसकर,” दीपिका मॅडम म्हणाल्या, “हे रक्त मी कोणाला देऊ?”

तो बाहेर आला. ती बाई तिथेच होती. तिने विचारलं, “झालं का हो दादा?”

हे त्याने मला नंतर सांगितलं. म्हणाला, “बाई, मी नुसता तिच्या बाजूने निघून आलो. ‘नाही’ एवढंसुद्धा बोललो नाही.”

तो माणूस वाचला. सांगलीहून एका शिक्षकाने गाडीने येऊन रक्त दिलं, ऑपरेशन एक दिवस लांबलं. पण हे हित्याला चार दिवसांनी कळलं, आणि ते चार दिवस तो कसा होता ते सांगण्यात अर्थ नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो माझ्या उंबऱ्यावर उभा. दाढी वाढलेली, चौकट धरलेली.

“बाई, सोडायचीय.”

“मग सोड की. माझ्याकडे काय आलास?”

“आज सकाळपासून घेतली नाही. हात बघा.” दोन्ही हात पुढे केले. पंख्याखाली कागद हलावा तसे हलत होते. अंगावर घाम, जानेवारीत.

मी काही डॉक्टर नव्हे, पण माझा चुलत दीर असाच घरच्या घरी एकदम सोडायला गेला आणि त्याला फिट आली, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. सीमाला हाक मारली आणि आम्ही दोघी त्याला सरळ म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. डॉक्टर मुलगी तिशीची असेल. ती म्हणाली, “बरं केलंत आणलंत. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम घरी बंद करायची नसते. ॲडमिट करू, औषधांवर उतरवू.” मग रिपोर्ट बघून त्याला म्हणाली, “तुमचं लिव्हर सुजलंय, पण अजून निबर झालेलं नाही. आत्ता थांबलात तर ते सावरेल. दरवेळी असं सांगता येत नाही.”

आठ दिवस ॲडमिट होता. घरी आला तो बारीक तोंड करून. आम्हाला वाटलं होतं, दारू सुटली की माणूस लगेच टवटवीत होतो. कसलं काय! तीन आठवडे त्याला झोप नव्हती. चिडायचा. पूर्वीने, त्याच्या पोरीने, टीव्हीचा आवाज जरा वाढवला तर उठून गॅलरीत जायचा. दर गुरुवारी हॉस्पिटलात ग्रुपची मीटिंग असायची, तिथे सीमा त्याला पोचवून यायची.

मार्चमध्ये शिमग्याला तो गावी गेला आणि घसरला. दोन दिवस प्याला. परत आला तो थेट माझ्याकडे.

“बाई, पुन्हा शून्यावर आलो.”

मला इतका राग आला होता की मी त्याला बस म्हटलं नाही. “शून्यावर कसा? दोन महिने तुझं शरीर दारूशिवाय राहिलं, ते काय वाया गेलं? आज कोणता वार?”

“बुधवार.”

“मग उद्या मीटिंग आहे. तिथे सांग जे झालं ते.”

गेला. सांगितलं. त्यानंतर आजतागायत थेंब नाही.

आणि मग खरंच शरीर बोलायला लागलं. आधी झोप आली. सीमा म्हणाली, “बाई, रात्रभर घोरत होते, मी मुद्दाम जागी राहून ऐकलं.” मग पायांची सूज. त्याच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. शांताबाई रोज सकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबून बघायच्या. मे महिन्यात एके दिवशी त्या ओरडतच बाहेर आल्या, “खड्डो पडना नाय! गे बाय, खड्डो पडना नाय!” सगळ्या गॅलरीने वाकून हित्याचा पाय बघितला. तो लाजून पाय लुंगीखाली ओढत होता.

दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, ते थांबलं. चेहऱ्यावरचा तो तांबूस फुगवटा उतरला आणि आतून चौथीतला हित्या जरासा दिसायला लागला, कानांचा आणि हनुवटीचा. भूक तर अशी की विचारू नका. कितीतरी वर्षं तो भाताशी नुसता खेळायचा. आता बांगड्याचं तिखलं असलं की तिसऱ्यांदा ताट पुढे करायचा आणि सीमा डोळे वटारून वाढायची. खाऊनही पोट मात्र आत गेलं. बघावं तेव्हा एका हाताने पँट वर ओढत असायचा. शेवटी पूर्वीनेच बाबांना नवी पँट आणून दिली.

रिपोर्ट आला की तो माझ्याकडे आणायचा. निकालपत्र दाखवावं तसा. लिव्हरची एक तपासणी असते, एसजीपीटी म्हणतात. जानेवारीत ती एकशे नव्वद होती. जूनमध्ये ब्याऐंशी. दिवाळीच्या सुमारास चौतीस. चाळिसाच्या आत म्हणजे नॉर्मल. कमी मार्क मिळाले म्हणून पेढे वाटलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. प्रेशरची गोळीही डॉक्टरांनी आधी अर्धी केली, मग बंद केली.

कंपनीने त्याला पुन्हा लिफ्टच्या कामावर घेण्याआधी परीक्षा घेतली. सुपरवायझर अण्णा कडक माणूस. त्यांनी त्याला कंट्रोल पॅनलमधल्या बारीक तारा एकेक करून जोडायला लावल्या आणि स्वतः शेजारी उभे राहिले. हित्याने सगळ्या जोडल्या. अण्णा म्हणाले, “हात कोणाचा लावून आलास रे?”

डिसेंबरात त्याने स्वतः दीपिका मॅडमना फोन लावला. माझ्यासमोरच.

“मॅडम, तोरसकर बोलतोय. माझं नाव यादीतून काढलं असेल...”

“काढलं नाही. थांबवून ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “बंद होऊन किती दिवस झाले?”

“नऊ महिने.”

“वर्ष होऊ द्या. तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा. मग बघू.”

मार्चमध्ये पत्र घेऊन तो जाऊन आला. आणि एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता फोन वाजला. तो तेव्हा वडाळ्याच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर कामात होता. रत्नागिरीकडची बाई, काल बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नाहीये, किती वेळात याल? एक लिफ्ट दुरुस्तीसाठी त्यांनीच उघडून ठेवलेली, दुसरी खाली कुठेतरी सामान चढवत अडकलेली. हित्या थांबला नाही. जिन्याने सुटला. बावीस मजले.

सीमाचा मला फोन आला तशी मीही निघाले. आम्ही दोघी पोचलो तेव्हा तो ब्लड बँकेतल्या बाकावर बसला होता आणि दीपिका मॅडम त्याच्यावर ओरडत होत्या.

“पळत कशाला आलात? नाडी बघा किती चाललीय! पंधरा मिनिटं गप्प बसा. पाणी प्या.”

“मॅडम, पण ती बाई...”

“ती आमच्यावर सोडा. तुम्ही बसा.”

ती पंधरा मिनिटं सरता सरेनात. हित्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. श्वास शांत होत गेला. सीमा त्याच्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“प्रेशर एकशे चोवीस, ऐंशी.”

सीमाने माझा हात धरला.

“डोळे बघू. वर बघा. छान. वजन अडुसष्ट.” मग बोटाला सुई टोचली असणार. “हिमोग्लोबिन चौदा पॉइंट एक.”

“किती?” हित्याने विचारलं.

“चौदा पॉइंट एक. चला, झोपा त्या खुर्चीवर.”

पिशवी भरायला सात मिनिटं लागली. मी आत जाऊन उभी राहिले, मला कोणी अडवलं नाही. नळीतून ते गडद लाल रक्त सरसर चाललं होतं, आणि हित्या हातातला रबरी चेंडू दाबत छताकडे बघत होता. दीपिका मॅडमनी पिशवी सोडवली, दोन्ही हातांवर तोलली आणि भराभर आत गेल्या.

त्याला कॉफी आणि बिस्किटं दिली. त्याने पुडा संपवला. तरी बाहेर पडल्यावर म्हणाला, “भूक लागलीय.” आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो आणि त्याने एकट्याने दोन प्लेट उसळपाव खाल्ला.

संध्याकाळी साडेपाचला फोन आला. चाळीत नळाला पाणी आलेलं, सगळ्या बायका बाहेर. हित्या गॅलरीत उभा राहून ऐकत होता. “हो मॅडम... हो... शुद्धीवर आहे? बाळही बरं आहे?” फोन ठेवला आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “वाचली! बाई वाचली!”

कोण बाई, कुठली बाई, निम्म्या चाळीला ठाऊकच नव्हतं. तरी खालून कोणीतरी शिट्टी मारली, तळमजल्यावरच्या स्वप्नीलने ताशा काढला, पूर्वी बाबांच्या गळ्यात पडली. शांताबाई दारात आल्या, त्यांनी लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या कोपराशी लावलेली ती छोटी पट्टी बोटाने नीट दाबून बसवली.

“आता परत कधी देवचा?” त्यांनी विचारलं.

“तीन महिन्यांनी, आये.”

“मगे आत चल,” त्या म्हणाल्या. “सुरमई तळतंय.”