थेंबकाकांचा अंगठा

हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून खोडलं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि त्यामुळेच तर हे सगळं झालं.

आमच्या बायोकेमिस्ट्री लॅबमधले असिस्टंट काका, सगळे त्यांना थेंबकाका म्हणतात. बत्तीस वर्षं तिथेच. पिपेट, म्हणजे द्रव मोजून ओढायचं बटणाचं साधन, कसं धरायचं ते मॅडम फळ्यावर सांगतात, हातात उतरवतात ते काका. आपल्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून हळू दाबायचे. बटण एका जागी किंचित अडतं, तिथेच थांबायचं, मग द्रव ओढायचा. मी पहिल्याच दिवशी धाडकन तळापर्यंत दाबलं.

"अगं बाई, पिपेट आहे ते, दाराची बेल नाही!"

"काका, थोडंसंच जास्त आलं ना?"

"थोडंसं? तुझ्या चहात थोडंसं मीठ घालू?"

महिन्याभरात माझा हात बसला. मग एका सकाळी लवकर गेले तर काका एकटेच अख्ख्या वर्गासाठी प्रोटीनची द्रावणं बनवत होते, सहा बाटल्या, कमी ते जास्त. पिपेटचं टोक बाटलीच्या काठावर टकटक वाजत होतं. हात थरथरत होता. मला बघून त्यांनी तो खिशात घातला.

"सात महिने राहिलेत गं रिटायर व्हायला. लॅबमधूनच जाऊ दे मला. कुणाला बोलू नकोस."

"मी येऊन करून देऊ रोज?"

"शिकायला आलीस की माझी नोकरी करायला?"

मी गळ्याला हात लावून शप्पथ घेतली.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल. प्रत्येक द्रावणात रंग टाकला की निळा गडद होत जायला हवा, जिना चढल्यासारखा. चौथ्या नळीत तो फिका पडला. माझाच नाही, सगळ्यांचा. अठरा ग्राफ आणि अठराही चौथ्या ठिपक्यावर वाकडे.

मॅडमनी जर्नल्स टेबलावर आपटली. "अठरा जण एकाच जागी चुकतात? कॉपी आहे ही. सगळ्यांना शून्य."

माझी पार्टनर रडायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कॉपी नाही मॅडम, बाटलीच चुकलीय! काकांचा हात थरथरतो!"

मागे काका बेसिनवर नळ्या धुत होते. पाणी बंद झालं. हात पुसत पुढे आले.

"बरोबर बोलतेय ती. चौथी बाटली माझीच चुकली."

जाताना माझं आडवं पडलेलं पिपेट दोन्ही हातांनी उचलून त्यांनी स्टँडला अडकवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

शून्य रद्द झालं. सोमवारपासून काका तळमजल्यावर, चाव्यांच्या खोलीत. मी मॅडमकडे जाऊन रडले, त्यांना परत आणा म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हात तूच बघितलास ना?" बाटली खरंच चुकली होती. अठरा जणांना शून्य पडू द्यायचं होतं का? मला अजून कळत नाहीये.

या पाच महिन्यांत मी चारदा जिना उतरले. चारदा दारातून परत आले. काल मी एका ज्युनिअरच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून तिला पिपेट दाबायला शिकवत होते, आणि मध्येच हात काढून घेतला.

ज्यांच्या ज्यांच्या अंगठ्यावर त्यांचा अंगठा होता त्यांनी प्लीज भेटून या त्यांना. चार वाजता गर्दी नसते. एखादा सरळ आलेला ग्राफ न्या दाखवायला. माझं नाव काढू नका. किंवा काढा, माहीत नाही मला. पण लवकर जा, दोनच महिने उरलेत.