तुळई नसलेलं घर

माझ्या अंगात घाई फार. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,’ असं सासरे माझ्या तोंडावर म्हणत, आणि खोटं बोलत नसत.

पहिल्या बाळंतपणाला बायको ईट गावी माहेरी गेली, ती बजावूनच गेली की कळंबच्या भाड्याच्या खोलीत बाळाला आणणार नाही. ती खोली पावसात चारी बाजूंनी गळायची. गावाबाहेर माझी थोडी जागा होती, पण शाळामास्तरच्या पगारात माळवदाचं मातीचं छत पेलणाऱ्या तुळया कुठून येणार? तशात शाळेत आलेल्या एका मासिकात अमेरिकेतल्या घुमटासारख्या गोल घराचं चित्र दिसलं. कुणा डोकेबाज माणसानं काड्यांचे त्रिकोण जोडून ते उभं केलं होतं. खांब नाही, तुळई नाही, थोड्या लाकडात मोठी जागा. मला चैन पडेना. खालचा मजकूर धड न वाचताच मी बुरडिणीकडून बांबू आणले आणि सगळे एकाच मापाचे कापून टाकले.

सुट्टीचे पंधरा दिवस त्रिकोण बांधत होतो, प्रत्येक गाठीला सहा काड्या. घर काही वर उठेना. जमिनीवर सपाट पसरत चाललं. ईटहून मुलगी झाल्याची चिठ्ठी आली, तसा मी आणखीच भराभर बांधू लागलो. बुरडीण आणखी बांबू घेऊन आली, ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“गुरुजी, सहा-सहानं चटईच व्हनार. टोपलं पायजे तर मधी मधी एक काडी कमी करा. पाचाची गाठ घ्या.”

लाज वाटली, रागही आला. पण ऐकलं. पाचाच्या गाठीतल्या काड्या थोड्या आखूड केल्या, आणि चौथ्या दिवशी घर फुगून उभं राहिलं. वरून तुराट्या बांधल्या, मातीनं लिंपलं, आणि ओल वाळायच्या आत निरोप धाडला.

बायको आली, लेक छातीशी. घरभर नजर फिरवून तिनं एवढंच विचारलं, की लेकीची झोळी बांधायची कुठं? तुळई लागत नाही म्हणून मी गावभर मिरवलं होतं, आणि नेमकं हेच सुचलं नव्हतं. पेटीवर चढून मी मधोमधच्या पाचाच्या गाठीला लोंबकळून दाखवलं. घर करकरलं, पण टिकलं. मग तिथंच झोळी बांधली. तिनं लेकीला आत ठेवलं, पण झोळीखालचा हात काही काढेना.

“घराचा भरवसा न्हाय का?” मी विचारलं.

“घराचा हाय,” ती म्हणाली. “तुमच्या घाईचा न्हाय.”

मी खाली बसलो, तिच्या हाताशेजारी माझा हात धरला, आणि लेक झोपेपर्यंत हललो नाही.