माझ्या बदल्यात एक डावखुरा पिचर

नेटवरच्या मंडळींनो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इथे अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी सॉफ्टबॉल टीमच्या मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचलो, तर बटाटेवडे संपलेले. चटणी उरली होती, ती नुसतीच खाल्ली.

ती खातानाच कळलं, की पुढच्या सीझनसाठी आयसेलिनच्या टीमकडून डावखुरा पिचर, म्हणजे बोलर, घ्यायचा आणि बदल्यात मला देऊन टाकायचं.

"काका, मनावर घेऊ नका," सेक्रेटरी म्हणाला, "पण तुम्ही अजून बॅट घेऊन पळता!"

पळतो. सॉफ्टबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं, मान्य; पण वीस वर्षं क्रिकेट खेळलेल्या माणसाच्या हातून बॅट सुटते का? तुमच्यापैकी कुणाची सुटली असेल तर कळवा.

मी हसलो खरा, पण चटणीची वाटी खाली ठेवली. रविवारची ही टीम गेली, तर मला उरतं काय? लॉन आणि टॅक्सचे कागद.

तेवढ्यात आयसेलिनच्या कॅप्टनचा फोन आला, सेक्रेटरीने तो स्पीकरवर लावला. "पिचर देतो, पण काका नकोत. रव्याचे लाडू करणारं कोणी आहे का?"

सगळे खो खो हसले. आमची कॅप्टन वसुधा मात्र म्हणाली, "पिचर राहू दे. काका कुठेही जाणार नाहीत."

याच वसुधाच्या गुडघ्यावर मागच्या मॅचला पळताना माझी बॅट बसली होती. वर मीच तिला ओरडलो होतो, "मधे कशाला उभी राहिलीस?"

सगळे पांगल्यावर तिला पार्किंगमध्ये गाठलं. "वसुधा, त्या दिवशी चूक माझी होती."

"माहितीये, काका," ती म्हणाली, आणि गाडीतून डब्यात राखून ठेवलेला वडा काढून दिला.