अर्ध्या लाटण्याचं पेन

चाकणच्या एका कारखान्याच्या गेटसमोर आम्ही कामगार संघटनेची पत्रकं वाटत होतो. सकाळची शिफ्ट आत शिरत होती, रात्रपाळी डोळे चोळत बाहेर येत होती, आणि प्रशांतचा फोन आला. प्रशांत माझा मामेभाऊ. तो या वेळी फोन करत नाही. "ताई, अण्णा गेले गं... झोपेतच." एवढंच बोलला. पत्रक घ्यायला एक कामगार हात पुढे करून उभा होता. मी त्याला ते दिलं आणि उरलेला गठ्ठा छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसले.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, माझा दिनकरमामा. पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये तो लेथवर लोखंड कातणारा टर्नर होता. मी वाचायला शिकले ती त्याच्या ट्रंकेतल्या पत्रकांवर. संपात कंपनीने गेट बंद केलं, तेव्हाची ती पत्रकं. जाड अक्षरं, ओळीओळीला उद्गारचिन्हं. त्यांत मालकाचा धिक्कार होता, पुढाऱ्यांची नावं होती, पाठिंबा देणाऱ्या संघटनांची नावं होती. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत बसून गेटवरच्या मंडपासाठी रोज पोळ्या लाटणारी शांतामामी मात्र कुठेच नव्हती. कॉलेजात असताना हे माझ्या लक्षात आलं आणि मी मामाच्या अंगावर धावून गेले. संप ज्या पोळ्यांवर टिकला, त्या लाटणारीचं नाव छापायला जागा नव्हती? मामी आतून म्हणाली, "अगं, पोळ्यांना कुणी जिंदाबाद म्हणतं का? जेव आधी."

मामी गेली, मामा निवृत्त झाला आणि गॅलरीत लाकूड तासायचा छोटा लेथ आला. मामाला लाकडी पेनं करायचा नाद लागला. लाकडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यात लांब होल मारायचा, आत पितळी नळी चिकटवायची आणि मग बाहेरून तासून गोल करायचं. एके दिवशी त्याने मामीचं शिसवी लाटणं माझ्यासमोर ठेवलं. "तिच्यावर लिहायचंय ना तुला? मग यानेच लिही." त्याने ते करवतीने मधोमध कापलं. एक बिघडलं तरी एक राहील, असा त्याचा हिशोब.

पहिलं बिघडलंच. चौकोनी तुकड्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या की मध्य सापडतो. लाटण्याला कोपरेच नसतात. मामाने मध्य बरोबर काढला होता, पण लाटणं टोकाकडे निमुळतं. व्हाइसच्या पकडीत आवळताना ते केसभर कललं. त्यात आयुष्यभर लोखंडाला भोकं पाडलेल्या माणसाने लोखंडाला द्यावा तसा जोर दिला. ड्रिल लाकडाच्या रेषांमागे भरकटलं आणि बाजू फोडून बाहेर आलं. पण त्याआधी लाकूड तापलं, धूर निघाला, आणि गॅलरीभर तव्यावर करपणाऱ्या पिठाचा वास पसरला. इतक्या वर्षांचं तेल आणि पीठ त्यात मुरलं होतं. मामाने मशीन बंद केलं. फुटलेला तुकडा हातात फिरवत म्हणाला, "असला जॉब केलेला बघून तुझ्या मामीने मला घरात घेतलं नसतं."

"घेतलं असतं. ऐकवलं असतं फक्त."

"हां... ते तर जेवणाबरोबर असायचंच."

उरलेल्या अर्ध्याला तो हात लावेना. बाभूळ, बोर, क्रिकेटचा मोडका स्टंप, सगळ्यांवर सराव झाला. त्याने पद्धतच उलटी केली. लाकूड लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरून ते फिरवायचं आणि ड्रिल समोर स्थिर ठेवायचं. आधी आखूड ड्रिलने खळगा, मग लांब ड्रिल. थोडं आत, लगेच मागे, भुसा झाडायचा, पुन्हा आत. आणि आरपार जायचं नाही, टोक फुटतं. शेवटी थोडं राखायचं आणि तेवढं नंतर कापून टाकायचं. ड्रिल पुढे-मागे सरकवणारं चाक तो मला फिरवायला द्यायचा, आणि मी घाई करायचे.

"मागे घे. भुसा झाड."

"मामा, माघार आमच्या पत्रकात बसत नाही."

"म्हणून तर तुमची पत्रकं तापतात लवकर. घे मागे!"

यावरून आमचं खरंखुरं भांडण व्हायचं. ठेकेदाराकडे राबणाऱ्या, उद्या काम असेल की नाही हे माहीत नसलेल्या पोरांना धीर धरा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? मी तेव्हा विचारलं, आजही विचारीन. "नाही सांगता येत," असं म्हणून मामा उठायचा आणि चहा टाकायचा.

शेवटच्या भेटीत त्याने अखेर ते अर्धं लाटणं चकमध्ये आवळलं. तोच वास पुन्हा आला. होल निम्म्यावर गेला आणि त्याने मशीन बंद केलं. "आज पुरे. हात नाही म्हणतोय. उरलेलं रविवारी... तू ये."

त्या रविवारी आम्ही त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडल्या.

माणसं पांगल्यावर मी गॅलरीत गेले. लाकूड चकमध्येच होतं. कुठे थांबायचं ते कळावं म्हणून मामाने ड्रिलवर निळी टेप गुंडाळली होती. प्रशांत मागे येऊन उभा राहिला. "ताई, राहू दे ना. हे फुटलं तर आईचं काहीच उरणार नाही."

"मामाने बोलावलं होतं," मी म्हणाले. "लाव मशीन."

थोडं आत, मागे, भुसा. ड्रिल त्याने पाडलेल्या वाटेनेच पुढे जात होतं. वास आला तसं प्रशांतने भिंतीकडे तोंड केलं. टेपपाशी मी थांबले. राखलेलं टोक कापलं आणि तुकडा डोळ्याला लावला. पलीकडे उजेडाचा एक ठिपका होता, चहूबाजूंनी लाकूड सारखं.

बाहेरून तासायचं राहिलंय. पण त्या लाकडावर मामीच्या तळव्यांनी आलेली चकाकी आहे; पटाशी लावली की पहिल्याच फेरीत ती भुशात जाईल. म्हणून मी कागदाची पट्टी गुंडाळून होलात नुसती रिफिल बसवली. हे काही पेन नव्हे, अर्धं लाटणंच आहे. बोटांत मावत नाही. शांतामामीचं नाव मी पहिल्यांदा यानेच लिहिलं, आणि हा लेखही. दर दोन ओळींनी हात भरून येतो. मग थांबते, हात झटकते, पुन्हा सुरू करते.