तीन बुचांची बॅटरी

"तहानलीय बघ," असं म्हणत काका शर्टाच्या खिशातून रुपयाचं नाणं काढायचे. मग एक हात गुडघ्यावर, एक हात सीटवर ठेवून हळूहळू खाली बसायचे, माझ्या मोटरसायकलच्या बाजूचा पत्रा उघडायचे आणि बॅटरीचं पहिलं बूच त्या नाण्याने फिरवून काढायचे. एक डोळा मिटून आत बघायचे. तीन बुचं, तीन वेळा तेच. बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालायचे आणि उठताना मला सांगायचे, "घालायचं म्हणून घालायचं नसतं रे. रेषेपर्यंत. रेष ओलांडली की संपलं."

मी हेल्मेट हातात धरून उभा. ठाण्याला कोर्टात कारकून आहे मी. उशीर झाला की आमचे साहेब घड्याळाकडे बघतात, माझ्याकडे नाही, आणि ते जास्त लागतं. "काका, निघू का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "थांब. घाईने बॅटऱ्या मरतात."

काका आमच्या कोपरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या. तुमच्याही इमारतीत असा एकजण असेलच, ज्याला कुणी नेमलेलं नसतं पण ज्याच्याशिवाय एक काम अडतं. काकांचं खातं बॅटऱ्यांचं. कल्याणजवळ मोहने गावातल्या जुन्या कारखान्यात तीसेक वर्षं त्यांनी बॅटरी रूममध्ये काढलेली. शंभरावर सेल ओळीने मांडलेले, रोज फेरी, रोज प्रत्येकाचं रीडिंग वहीत. "सत्तेचाळीस नंबर जरा हट्टी होता," असं ते मध्येच सांगायचे. बोटांवर ॲसिडचे पांढुरके डाग होते आणि निम्म्या शर्टांना बारीक भोकं. ती भोकं ते कुणाला शिवू द्यायचे नाहीत.

रिटायर झाल्यावर सोसायटीतले इन्व्हर्टर त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने एकदा एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बाटलीत भरून आणलं, "हेही डिस्टिल्डच असतं ना?" म्हणून. काकांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "हा एसीचा घाम आहे. झाडांना घाला." पुढे हळूहळू लोकांनी नव्या पद्धतीचे इन्व्हर्टर घेतले, त्यांना काही बघावं लागेना. काकांच्या ताब्यात राहिली ती एकटी माझी गाडी.

गाडी माझ्या वडिलांची. टू-स्ट्रोक, टाकीला दोन्ही बाजूंना रबरी पॅड, आणि सहा व्होल्टची. हे सहा व्होल्ट काय दुखणं असतं ते ज्याच्या गळ्यात आहे त्यालाच विचारा. हल्ली सगळं बारा व्होल्टवर चालतं. सहा म्हटलं की दुकानदार दोनदा विचारतो, मग हसतो, मग आत जाऊन बाहेर येतो आणि नाही म्हणतो. त्यात ही गाडी बॅटरीशिवाय चालूच होत नाही. बॅटरी गेली की तो नुसता जड लोखंडी बैल, आणि तो मी ढकलायचा.

तर पहिली बॅटरी चार महिन्यांत गेली. दुसरी तीन महिन्यांत. माझं डोकं फिरायची वेळ आली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, बारा व्होल्ट करून टाका." म्हणजे सगळं वायरिंग, कॉइल, दिवे, हॉर्न बदला; मग वडिलांची म्हणायला टाकी तेवढी उरणार. ठाण्यात एकाने सीलबंद बॅटरी दाखवली, भाजीवाल्यांच्या वजनकाट्यात घालतात तसली, सहा व्होल्टचीच. मी काकांना विचारलं. चूकच केली.

"वजनकाट्याची? वांगी तोलायला ठीक आहे," काका म्हणाले. "जिच्या आत बघता येत नाही तिच्यावर भरवसा कसला? बुचांचीच घे. बाकी मी बघतो ना."

म्हणून मी दुसरी मेलेली बॅटरी पिशवीत घालून कल्याणला गेलो, जिथून घेतली होती त्याच दुकानात. वॉरंटीवरून भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. दुकानदाराने रबरी फुग्याच्या काचेच्या नळीने आतलं थोडं ओढून घेतलं. नळीतला तरंगता काटा सरळ तळाला जाऊन बसला.

"साहेब, ह्यात ॲसिड राहिलेलंच नाहीये. नुसतं पाणी आहे. कोण भरतं एवढं?"

"आमच्याकडे जो भरतो ना, तो तुमच्या जन्माआधीपासून भरतोय," मी आवाज चढवून म्हणालो.

"मग त्यांनाच विचारा. रोज भरत असणार, दिवसातून चारदा. जास्त झालं की उतू जातं, आणि जाताना ॲसिड घेऊन जातं. गाडीची फ्रेम बघा, गंजली असेल खालून."

घरी येऊन बघितलं. बॅटरीखालच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती.

मी तिसरी बॅटरी आणून बसवली आणि रविवारी गॅलरीत पेपर घेऊन बसलो. आठ वाजता काका आले, नाणं काढलं, तीन बुचं, थेंबाथेंबाने पाणी. साडेअकराला पुन्हा आले. चारला पुन्हा. मी धावतच खाली गेलो.

"काका, सकाळी घातलंत ना?"

"कोणी, मी? छे. आज आत्ताच उघडतोय. तहानलीय बघ."

आत काठोकाठ पाणी होतं. त्यांना ते दिसत होतं की नाही, देव जाणे. हात आपला सवयीने बाटली तिरकी करत होता. आणि ते खोटं बोलत नव्हते. इतक्या स्वच्छ चेहऱ्याने माणूस खोटं बोलू शकत नाही. माझ्या सगळ्या रागाचं काय करावं ते मला कळेना.

मी त्यांच्या सुनेला गाठलं. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, आम्हाला माहितीय. जेवले तरी जेवायला वाढ म्हणतात. डॉक्टरांचं औषध चालू आहे. पण सकाळी उठून दाढी करतात, पँट-शर्ट घालतात, ते फक्त तुमच्या गाडीसाठी. ते एक गेलं ना, तर दिवसभर पडून राहतील. तेवढं राहू दे, प्लीज."

मी "हो" म्हटलं. पण मनातून चरफडलो. एखाद्याने दाढी करावी म्हणून मी दर तीन महिन्यांनी बॅटरी घ्यायची? मग मी माझी अक्कल चालवली. गुपचूप त्यांची बाटली जवळजवळ रिकामी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी काका नवी बाटली आणायला एकटेच स्टेशनकडे निघून गेले आणि दोन तास सापडले नाहीत. वहिनी रडवेल्या होऊन प्रत्येक रिक्षावाल्याला विचारत होत्या. शेवटी रेल्वे फाटकाजवळ दिसले, हातात बाटली घट्ट धरलेली. त्यानंतर मी त्या बाटलीला हात लावला नाही.

आणि एका सोमवारी गाडी माणकोलीच्या पुलावर मधोमध बंद पडली. हा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाणं जवळ आलं म्हणतात. गाडी ढकलत असाल तर ते तितकंसं जवळ नाही. मागून डंपर हॉर्न मारतायत, शर्ट पाठीला चिकटलाय, साडेदहाला एका तारखेची फाइल माझ्याच कपाटात. मी गाडी कठड्याला लावली आणि काकांच्या नावाने मोठमोठ्याने शिव्या घातल्या. खाडीशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. आजही त्या आठवल्या की लाज वाटते, पण तेव्हा फार बरं वाटलं होतं.

साहेब त्या दिवशी घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. काय बोलले ते सोडून द्या. संध्याकाळी मी सुटल्या सुटल्या ती वजनकाट्याची बॅटरी घेतली. "ह्यात बघायचं काहीच नाही," दुकानदार म्हणाला. "लावा आणि विसरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. नाणं काढलं, खाली बसले, पत्रा उघडला. वरून बोट फिरवलं, मग दोन्ही बाजूंनी. नाणं हातात तसंच.

"बुचं कुठायत रे हिची?"

"काका, ही बंद असते. हिला पाणी लागत नाही."

"कधीच नाही?"

पुलावरचा घाम माझ्या अंगातून अजून गेला नव्हता. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "कधीच नाही. तुम्ही आता त्रास नका घेऊ."

त्यांनी मान हलवली. पत्रा नीट लावला, दाबून बघितला. "बरं झालं," म्हणाले. "तुझी कटकट मिटली." उठायला त्यांना हात द्यावा लागला. घरात गेले ते त्या आठवड्यात पुन्हा खाली आले नाहीत.

गाडी उत्तम चालू लागली. एका किकमध्ये. हॉर्न असा खणखणीत की रिक्षावाले वळून बघायचे. मी मात्र तळमजल्यावरून जाताना उगाच पाय उचलून चालायचो. दार उघडं असलं की दिसायचे: पायजमा, बनियन, वाढलेली दाढी, भिंतीकडे तोंड. वहिनी जिन्यात भेटल्या की नेहमीसारखंच हसायच्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन महिने काढले कसेबसे आणि मग कल्याण गाठलं. दुकानदाराने मला ओळखलं. "चालू बॅटरी काढून ही बुचांची लावणार? का हो?" मी म्हटलं, "हौस." घरी येऊन स्वतःच बसवली, नवी बाटली आणली आणि काकांना हाताला धरून खाली घेऊन आलो. पत्रा उघडला. तीन लाल बुचं समोर.

"काका, जरा बघता का? तहानल्यासारखी वाटतेय."

त्यांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा मऊ होता, समजावणीच्या सुरात बोलले. "तुझी बंदवाली आहे ना? तिला पाणी लागत नाही."

"नाही काका, ही दुसरी. ही बघा बुचं." मी त्यांचं बोट धरून बुचावर ठेवलं.

"अरे, तूच सांगितलंस ना," ते म्हणाले, आणि बोट काढून घेतलं.

मी दर रविवारी त्यांना खाली आणत राहिलो. नाणं माझं, बाटली माझी. ते खुर्चीवर बसायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, न चिडता, जणू मीच विसरभोळा. सकाळचं पाणी दुपारी विसरणारा माणूस, पण माझं ते एक चढ्या आवाजातलं वाक्य त्यांच्या डोक्यातून पुसून काढणं मला जमलं नाही.

शेवटी शेवटी ते दवाखान्यात होते. मी गेलो तेव्हा मी कोण ते त्यांना ओळखता आलं नाही. वहिनी कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो बाबा, ते दुसऱ्या मजल्यावरचे. मोटरसायकलवाले दादा."

काका माझ्याकडे बघून हसले.

"पाणी लागत नाही," म्हणाले.

"हो काका," मी म्हटलं. "नाही लागत."