कडू पाल्याचं वाक्य

वडलांच्या मातीला अनुजा रडली नाही, बाराव्यालाही नाही. गडमुडशिंगीच्या बायका कुजबुजल्या, शिकल्याली पोरगी, पार दगूड झाली. ते खरंच होतं. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि हात पूर्वीसारखाच चालला. आत मात्र काहीच हलत नव्हतं. चहा गरम होता हे तिला ओठ भाजल्यावर कळायचं.

घडलं होतं ते असं. तिचे वडील आकाराम, घरात सगळे त्यांना आबा म्हणत, गोठ्यात खाली अंथरूण टाकून निजले होते. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठले, तर उशाजवळनं काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर सरपटत गेलं. मण्यार. पण अंगावर ना खूण ना सूज. चावलं की नुसतंच सरकत गेलं, यावर अंगणात काथ्याकूट झाला आणि शेवटी गावची जुनी रीत निघाली. कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. गोड लागला तर विष भिनलं, कडू लागला तर काही नाही. आबांनी पाला चावला, तोंड वाकडं केलं आणि थुंकले. ‘कडू जहर हाय की,’ म्हणाले. माणसं हसलीसुद्धा.

तरी अनुजाच्या धाकट्या भावाला, राजवीरला राहवेना. त्यानं मोबाईलवर शोधलं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात, सर्पदंशाच्या लेखात, चक्क लिहिलेलं होतं: ‘पाला कडू लागल्यास विषबाधा झालेली नाही असे समजावे.’ मग गाडी कोण कशाला काढतंय? चहा झाला. उन्हं वर आली तशा आबांच्या पापण्या जड झाल्या. रात्रीची झोप अपुरी असंल म्हणून त्यांना पडू दिलं. दवाखान्यात पोचले तेव्हा श्वास थांबलेला होता. अनुजा त्या दिवशी लॅबच्या शिबिराला चंदगडकडे गेली होती. तिला निरोप मिळाला तो सगळं संपल्यावर.

बाराव्यानंतर तिनं तो लेख उघडला. वाक्य तिथंच होतं. उद्या आणखी कुणाच्या अंगणात कुणीतरी मोबाईल काढणार आणि हेच वाचणार, एवढी एकच गोष्ट तिच्या सुन्न डोक्यात टिकून राहिली. वाक्य कुणी लिहिलं ते पाहायला तिनं लेखाचा इतिहास उघडला. नाव नव्हतं, खातं न उघडता लिहिणाऱ्याच्या संगणकाचा नुसता एक आकडा होता. शिव्या द्यायच्या तरी कुणाला? लेख कुणालाही बदलता येत होता. तिनं वाक्य पुसलं.

सकाळी ते परत आलेलं. गडहिंग्लजचे संगमेश सर, निवृत्त प्राध्यापक, या लेखांची राखण करायचे. लेखाच्या चर्चा पानावर त्यांनी विचारलं होतं, मजकूर कारण न देता का काढलात? अनुजानं लिहिलं, या वाक्यानं माझे वडील गेले. सरांचं उत्तर संध्याकाळी आलं. दुःख व्यक्त केलं होतं, आणि खाली लिहिलं होतं:

‘पण अनुजाताई, हा संदर्भ होत नाही. आपल्या घरी घडलेलं आपणच इथं लिहायचं नसतं. कुणीतरी तपासून छापलेलं लागतं.’

बसमध्ये उभ्या उभ्या तिनं ते वाचलं. राग यायला हवा होता, आला नाही. डॉक्टरांच्या सहीशिवायचा रिपोर्ट तीही कुणाच्या हातात देत नसे.

मग ती कामाला लागली. लॅबच्या डॉक्टरांकडनं जाडं पुस्तक आणलं, सरकारी मार्गदर्शिका उतरवून घेतली. लेखात मंतर आणि झाडपाल्याला चार परिच्छेद होते, प्रतिविषाला दोन ओळी. तिनं ते उलटं केलं. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूण दिसतेच असं नाही, पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात; प्रत्येक वाक्याखाली संदर्भ. आबांची शेवटची सकाळच ती तुकड्या-तुकड्यानं दुसऱ्यांच्या पुस्तकातनं उचलत होती, पण डोळे कोरडेच. सर मागोमाग येऊन शुद्धलेखन नीट करायचे.

अडलं ते पाल्यापाशी. सर म्हणायचे, समजूत म्हणून नोंद राहू द्या, खाली वैद्यक काय म्हणतं ते द्या, याला समतोल म्हणतात. अनुजा म्हणायची, खोट्याला जागाच कशाला? तीही हटेना, तेही हटेनात.

राजवीरनं त्या दिवसापासून मोबाईल हातात धरला नव्हता. धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, परत यायचं. घरात बोलणं बंद. एका संध्याकाळी अनुजा कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती, तर तो मागं येऊन उभा राहिला.

‘ते वाक्य काढलंस?’

‘काढतीय की.’

‘काढू नगंस.’

तिनं मान वर केली.

‘आक्का, मी मण्यार शोधलंच न्हवतं. मी लिवलं, लिंबाचा पाला कडू लागला तर. आबांच्या हातात पाला हुता, डोस्क्यात तेवढंच हुतं. तू समदं पुसलंस तर माझ्यागत दुसऱ्याला कायच घावायचं न्हाय. मग त्यो गावाचंच ऐकणार.’

पाल्याच्या समजुतीवरचा एका डॉक्टरांचा अभ्यासलेख सरांनी मागं सुचवला होता, तो अनुजानं पुन्हा उघडला आणि पाल्याच्या चाचणीला वेगळं शीर्षक दिलं. अशी समजूत अमुक भागात आढळते, तिला वैद्यकीय आधार नाही, चव कडू लागली तरी विषबाधा नाही असे ठरत नाही, उपचारास उशीर होऊन मृत्यू ओढवू शकतो. राजवीर ओठ हलवत वाचत होता.

‘लई लांब हाय. तवा कोण शेवटापातूर वाचतंय? कडू लागलं तरी ठरत न्हाय, ते पयलं घाल.’

तिनं वाक्य उचलून वर घातलं आणि बटण दाबलं. रात्री सरांनी एक संदर्भ जोडला, एक स्वल्पविराम हलवला. बाकी कशाला हात लावला नाही.

सकाळी बसची वाट बघत तिनं लेख उघडला. वाक्य जागेवर होतं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, काय बघतीस गं? आबांचं काम, असं म्हणताना तिचा आवाज फाटला. म्हातारीनं तिचा दंड धरला, आणि बस आली तरी सोडला नाही.